पधानांचं दार

उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरात लाकडावरच्या कोरीवकामाला 'लिखाई' म्हणतात. लिखाई म्हणजे लिहिणं. ही गोष्ट ज्याची आहे त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला एकही अक्षर येत नव्हतं, आणि तरी आजूबाजूच्या तीन खोऱ्यांत कुणाला दार लिहून हवं असलं की निरोप त्याच्याकडेच यायचा. गावाचं नाव सांगत नाही. अल्मोड्याभोवती अशी गावं पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुठल्याही गावाची म्हणून ही गोष्ट ऐकावी.

गावाच्या वरच्या अंगाला पधानांची, म्हणजे गावच्या मुखियाची, बाखली होती. बाखली म्हणजे भिंतीला भिंत लावून एका ओळीत बांधलेली घरं. खाली गोठ, वर माणसं, छपरावर पटाल, म्हणजे दगडाच्या पातळ लाद्या. मिस्त्रीचं घर खूप खाली, ओढ्याच्या कडेला, जिथं ऊन उशिरा पोचतं आणि लवकर निघून जातं. घर उतारावर कुठं आहे यावरून माणसाची जात कळायची. दगड घडवणारे, लाकूड कोरणारे, तांबं ठोकणारे सगळे त्या खालच्या वस्तीतले. गावातलं एकही घर त्यांच्या हातांशिवाय उभं राहिलेलं नव्हतं, आणि वरच्या एकाही घरात त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं.

पधानांनी बाखलीच्या टोकाला नवं घर काढलं. भिंती झाल्या, दगडांच्या सांध्यांत उडदाचं पीठ कालवलेला चिखल भरून झाला, आणि मिस्त्रीला बोलावणं गेलं. दहा वर्षांचा नातू हत्यारांची थैली घेऊन बरोबर आला.

"मिस्त्री, खोली अशी लिही की अल्मोड्याच्या शेठजींनी वाट सोडून बघायला यावं," पधान म्हणाले. तिकडे घराच्या मुख्य दाराला खोली म्हणतात.

"लिहितो, पधानज्यू. लाकूड कधी पाडलं?"

"फागुणात."

मिस्त्रीनं देवदाराच्या एका फळीवर नख दाबलं, मग ती नाकाशी नेली. "हे अजून ओलं आहे. दोन हिवाळे सावलीत राहू द्या. फळीवर फळी, मधे काठ्या, वारा खेळेल असं."

"मंगशीरात मुलाचं लग्न आहे. सून नव्या दारातून आत यायची. दोन हिवाळे मी कुठून आणू?"

मिस्त्री उठला आणि पडक्या गोठ्याकडे गेला. तिथं एक जुनी तुळई धूर खाऊन काळी झालेली होती. तिच्यावर त्यानं हातोडीचा दांडा आपटला. आवाज खणखणीत आला. "चौकट हिची करतो. दाराच्या फळ्या मात्र तुमच्या ओल्या लाकडाच्या होतील. सौणातल्या पावसात त्या फुगतील. आत्ताच सांगून ठेवतो."

"सौणाचं सौणात बघू," पधान म्हणाले. सौण म्हणजे श्रावण.

त्यांची आणखी एक इच्छा होती. शहरात त्यांनी साहेबाचा बंगला पाहिला होता, तसं उंच दार त्यांना हवं होतं. ताठ मानेनं आत जाता यावं.

"उंच करता येईल," मिस्त्री म्हणाला. "पण पुसाच्या थंडीत तुम्ही दार उघडून आत याल, तेवढ्यात चुलीची ऊब बाहेर गेलेली असेल."

एवढं मात्र पधानांना पटलं. दार बुटकं ठरलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मान वाकवावी लागेल इतकं बुटकं, जशी त्या डोंगरातली सगळी जुनी दारं असतात.

तीन महिने काम चाललं. अंगणाच्या कडेला गवताचं छप्पर टाकून आजा-नातू तिथं बसत. कुमाऊंची चौकट एकेरी नसते. एका पट्टीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, अशा एकात एक बसवलेल्या पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर वेगळी नक्षी. मिस्त्रीनं बाहेरच्या पट्टीवर वेणीसारखी पिळलेली दोरी घेतली, तिच्या आत वेल, वेलीच्या आत कमळाच्या पाकळ्या. सगळ्यांत आतल्या पट्टीवर पोपटांच्या जोड्या. आधी कोळशानं रेघा, मग मोगरीच्या ठोक्यानं नको ते लाकूड उडवायचं, मग मोगरी बाजूला ठेवून नुसत्या हाताच्या जोरावर बारीक पटाशी चालवायची. देवदार मऊ असतो, हत्याराला पटकन वाट देतो, आणि म्हणूनच फसवतो. रेषेच्या उलट एक ठोका जास्त पडला की पाकळीसकट ढलपी निघून येते.

एका दुपारी नातवाच्या हातून तसंच झालं. पोपटाची चोच उडाली. पोरगा घाबरून रडायला लागला, कारण त्या जुन्या तुळईचा दुसरा तुकडा नव्हता. मिस्त्रीनं फळी उजेडाकडे फिरवली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्यानं पोपटाचं डोकं मागच्या बाजूला वळवून घेतलं. जिथं मान होती तिथल्या लाकडातून नवी चोच निघाली. जोडीतला एक पोपट पुढं बघतोय आणि दुसरा मान वळवून मागून येणाऱ्याची वाट बघतोय, असं ते दिसू लागलं. पधानांच्या घरची माणसं येता-जाता थांबून नेमका तोच पोपट बघत.

"बूबू, हा चुकलेला आहे हे त्यांना कळत नाही?" नातवानं विचारलं.

"लाकडानं तो सांभाळून घेतला," आजा म्हणाला. "आता तो चुकलेला नाही."

शेवटी चौकटीच्या माथ्यावर गणपती कोरायचा होता. आपल्या वाड्यांत जिला गणेशपट्टी म्हणतात, तीच ही जागा. त्या दिवशी मिस्त्री अंघोळ करून, काही न खाता आला. सोंड, मोदकाची वाटी, उंदीर, सगळं एका बैठकीत झालं. नातू पुढं सांगायचा की डोळे कोरताना बूबूचा श्वास थांबला होता.

दार बसवण्याची रीत इथं समजून घ्यायला हवी, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे. या दारांना लोखंडी बिजागऱ्या नसतात. फळीच्या एका कडेला, वर आणि खाली, लाकडातच एकेक कुसू ठेवलेलं असतं. वरचं कुसू चौकटीच्या वरच्या भोकात जातं, खालचं उंबरठ्याच्या खोबणीत, आणि त्यांवर दार फिरतं. ही भोकं चौकटीच्या आतल्या अंगाला असतात. दार बसवायचं किंवा काढायचं तर आत उभं राहून फळी वर उचलावी लागते. बाहेरून ते होत नाही, आणि चोराला दार उचकटता येऊ नये म्हणूनच ही रचना आहे.

दार बसवलं तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती, देव बसलेले नव्हते. तोवर घर बांधणाऱ्यांचं होतं. मिस्त्री दहा वेळा आत गेला, दहा वेळा बाहेर आला. कुणी काही म्हणालं नाही.

मग मुहूर्ताचा दिवस आला. पुरोहितांनी तांब्यात सोन्याची अंगठी बुडवली आणि ते पाणी उंबरठ्यावर, चौकटीवर, गणपतीच्या सोंडेवर शिंपडलं. मिस्त्रीच्या हाताचा विटाळ गेला. घर पधानांचं झालं. मिस्त्रीसाठी धान्य, गुळाची ढेप आणि पागोटं अंगणातल्या दगडावर ठेवलं गेलं. ठेवणारा बाजूला झाल्यावर त्यानं ते उचललं.

"बूबू," उतरताना नातवानं विचारलं, "गणपती आपण केला. मग तो आत, आणि आपण बाहेर का?"

"गणपती दारावर आहे, नाती. तो आतही नाही आणि बाहेरही नाही."

हे उत्तर पोराला पुरलं नाही. मलाही पुरत नाही. पण त्या माणसाजवळ त्या दिवशी याहून वेगळं उत्तर नव्हतं, आणि असल्या उत्तरांवर पिढ्यान् पिढ्या काढाव्या लागल्या आहेत.

मंगशीरात लग्न झालं. सून वाकून आत आली. उन्हाळ्यात ओल्या फळ्या वाळल्या आणि वाळताना त्यांनी पीळ घेतला. सौणाचा पाऊस सुरू झाला तशा त्या फुगू लागल्या. आधी दार करकरलं, मग उंबरठ्यावर घासू लागलं, आणि एका संध्याकाळी अर्धं उघडलेलं असताना तसंच रुतून बसलं. आतही जाईना, बाहेरही येईना. पधानांच्या पुतण्यानं खांदा लावला. मग दगड आणून ठोकलं. वेलीचं एक पान तुटून अंगणात पडलं, दार हललं नाही.

दार उघडं टाकून झोपावं असे ते दिवस नव्हते. त्याच मुलखात, पनारच्या खोऱ्यात, एका बिबट्यानं माणसं मारण्याचा सपाटा लावला होता; चारशे बळी त्याच्या नावावर सांगितले जातात, आणि १९१० साली जिम कॉर्बेटनं त्याला मारलं तेव्हा कुठं लोक सुटले. या गावातून तर त्याच आठवड्यात बाखलीतलं कुत्रं गेलं होतं. ती रात्र पधानांच्या घरानं दारात शेकोटी पेटवून, जागून काढली. नवी सून लेकराएवढी होती. ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी भादोची संक्रांत होती, म्हणजे ओलगियाचा सण. त्या दिवशी कारागीर आपल्या हातची एखादी वस्तू घेऊन यजमानाच्या अंगणात जातात आणि यजमान त्यांना तूप-धान्य देतात. मिस्त्री अक्रोडाच्या लाकडाची पळी घेऊन आला होता, बरोबर नातू होता. पाऊस लागला होता. त्यानं दाराकडे पाहिलं, तुटलेलं पान उचलून खिशात ठेवलं, आणि अंगणात जिथं उभं राहायचं तिथं उभा राहिला.

"मिस्त्री, हे नीट कर," पधान म्हणाले.

"करतो. फळी उतरवून कडा रंधायला हव्यात. चार बोटं उचलली की निघेल."

"मग उचल."

"पधानज्यू, कुसू आतल्या बाजूला आहे."

पधानांना कळलं. ते काही क्षण बोलले नाहीत. मग पुतण्याला आत उभं केलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "तू इथूनच सांग, तो उचलेल."

मिस्त्रीनं सांगितलं. पुतण्यानं उचललं. फळी जड, वर पीळ पडलेला. वरचं कुसू भोकात तिरकं अडकलं आणि कटकन आवाज आला.

"थांब!" मिस्त्री ओरडला. वरच्या जातीच्या माणसावर तो आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला असेल. "कुसू तुटलं तर दार मेलं."

"कुऱ्हाड घालून फोडतो मग," पधान म्हणाले. "दुसरं करून घेऊ."

"घाला. लाकूड तुमचं आहे." मिस्त्रीचा आवाज खाली आला होता. "दुसऱ्याचं कुसूही आतल्याच बाजूला असेल."

पधानांची म्हातारी आई चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. सगळं गाव तिला आमा म्हणायचं. ती काठी टेकत दारापर्यंत आली आणि उंबरठ्याच्या आतून मुलाशी बोलली.

"या दारातून तू दिवसातून किती वेळा जातोस?"

"मोजलं नाही, इजा."

"प्रत्येक वेळी मान वाकवून जातोस. कुणाच्या कामापुढं वाकवतोस ती? ज्याच्या हाताखालून आपण सगळे वाकून जातो, त्याला एकदा आपल्या छपराखालून वाकून येऊ दे. आणि सोन्याचं पाणी मागवायचं असेल तर आधी मला सांग. त्यानं त्या गणपतीला हात लावलाय. मग गणपतीच उतरवून ओढ्यावर धुवायला ने."

अंगणात फक्त पावसाचा आवाज होता. पधान दारातून बाजूला झाले.

"आत या, मिस्त्री," ते म्हणाले.

बूबूला कुणी 'या' म्हटलेलं नातवानं त्याआधी ऐकलं नव्हतं.

मिस्त्रीनं पाय धुतले. त्या घरात जाणारा प्रत्येक माणूस वाकतो तेवढाच वाकून तो आत गेला. त्यानं फळीला खालून खांदा दिला, एका हातानं वरचं कुसू सरळ केलं, आणि दार लहान मूल उचलावं तसं खोबणीतून वर आलं. दिवसभर तो पुढच्या खोलीत, ज्याला चाख म्हणतात तिथं, जमिनीवर बसून कडा रंधत होता. देवदाराच्या सालपटांचा वास घरभर झाला. तुटलेलं पान त्यानं खिशातून काढून जागच्या जागी सरसानं बसवलं. आमानं त्याच्यापुढं ताट स्वतः आणून ठेवलं, हातातून हातात पोचेल इतक्या जवळ.

अंधार पडता पडता दार पुन्हा कुसवांवर चढलं. आता नीट बसलं की नाही हे बघायचं तर ते आतून लावून, अडसर घालून बघायला हवं होतं. मिस्त्रीनं दार लावलं. ते आवाज न करता मिटलं. पधान, पुतण्या, सून, आमा, मिस्त्री आणि त्याचा नातू, सगळे त्या वेळी दाराच्या एकाच बाजूला होते, आणि बिबट्या दुसऱ्या.

सोन्याचं पाणी त्या रात्री कुणी मागितलं नाही.

त्या दिवसानंतर गाव सुधारलं असं मी लिहिणार नाही, कारण डोंगरात तसं झालेलं नाही. शेजारच्या गढवालात डोल्या बनवणाऱ्यांच्या मुलांना स्वतःच्या लग्नात डोलीत बसायला बंदी होती. ती मोडण्यासाठी जयानंद भारतींना वर्षानुवर्षं लढावं लागलं. अल्मोड्यात मुन्शी हरिप्रसाद टम्टा यांनी या सगळ्या कारागीर जातींना शिव्यांच्या जागी 'शिल्पकार' हे नाव सरकारदरबारी मिळावं म्हणून आयुष्य घातलं. टम्टा म्हणजे आपल्याकडचे तांबट. त्यांनी साप्ताहिक काढलं त्याचं नावही 'समता' ठेवलं. आणि तरी १९८० साली, याच अल्मोडा जिल्ह्यातल्या कफल्टा गावात, नवरदेवानं डोलीतून उतरावं की नाही यावरून शिल्पकारांच्या वरातीतली चौदा माणसं मारली गेली. एका घरातली एक म्हातारी एका दिवशी बरोबर बोलली, एवढीच माझी गोष्ट आहे. पण असं बरोबर बोलणारं माणूस प्रत्येक घरात एक तरी लागतं, आणि ते त्याच दिवशी लागतं. नंतर बोलून उपयोग नसतो.

आज त्या बाखल्या रिकाम्या होत आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. माणसं दिल्लीला, हल्द्वानीला गेली. मागे राहिली त्यांनी सिमेंटची घरं बांधली आणि लोखंडी दारं लावली. उत्तराखंडच्या लिखाईला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. मानांकन कलेला मिळालं. माणसाला काय मिळालं, हे त्या खालच्या वस्तीत जाऊन बघायला हवं.

माणसाचंही नाव राहू शकतं. हिमाचलात, चंबा जिल्ह्यातल्या भरमौरला, लक्षणादेवीचं देऊळ आहे. त्याचं देवदाराचं कोरीव दार सुमारे तेराशे वर्षं थंडी-पाऊस सोसत उभं आहे. आतल्या देवीच्या मूर्तीखाली लेख कोरलेला आहे. त्यात ती करवून घेणाऱ्या राजाचं, मेरुवर्मनचं, नाव आहे आणि ती घडवणाऱ्या गुग्गाचंही आहे. दोन्ही नावं एकाच पीठावर.

अल्मोड्याला गेलात तर लाला बाजारातून खजांची मोहल्ल्याकडे पायी जा. मान वर करून जुन्या चौकटी बघा, पट्ट्या मोजा, एखादा मागे वळून बघणारा पोपट दिसतो का ते पाहा. घर कुणाचं, हे कुणीही न विचारता सांगेल. तुम्ही थांबून विचारा, दार कुणी लिहिलं.